फणसाखाली धरलेला हात

देव माणसाशी बोलतो, हे मला लहानपणापासून शिकवलं होतं. तो माझ्याशी कधी बोलेल याची मी वाटही बघायचे. पण तो बोलला तेव्हा मला घराबाहेर काढा असंच म्हणाला, निदान माझ्या सासऱ्यांनी तरी तसं वाचून दाखवलं, आणि त्या धक्क्यातून मी पुढं वर्षभर बाहेर आले नाही. प्रार्थना तोंडानं चालू होती, आत मात्र एकच विचार फिरायचा: ज्याच्याकडं गाऱ्हाणं न्यायचं, त्यानंच निकाल दिला तर माणसानं जायचं कुठं? आज हे मी शांतपणे लिहिते आहे, तेव्हा शांत नव्हते. तशीही मी गरीब गाय नाही, हे माझ्या सासरी कुणालाही विचारा. आमच्या घरची बोली वेगळी आहे. सगळ्यांना कळावं म्हणून बोलणं इथं सरळ मराठीत लिहिते.

माझं माहेर पापडीचं, सासर नंदाखालचं. मोठी लढाई संपून थोडीच वर्षं झाली होती आणि रॉकेल अजून रेशनवर मिळत होतं. सासऱ्यांना आम्ही सगळे बा म्हणायचो, सासूला आय. केळी आणि पानवेलीची वाडी होती, विहिरीवर रहाट होता. विहिरीशेजारी एक जुना फणस होता, त्याला कधी फळ धरलं नव्हतं. रहाटाचा बैल त्याच्या सावलीत बांधायचा एवढाच त्याचा उपयोग. बा कष्टाळू, शब्दाचे पक्के आणि देवाला भिणारे. मुंबईला केळी पोचवायला गेले असताना रस्त्यावरच्या एका पुस्तकवाल्याकडून त्यांनी मराठीतलं शुभवर्तमान आणलं. त्या काळी आमच्या ख्रिस्ती लोकांत घरी शास्त्र वाचायची रीत नव्हती. देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) फादर लॅटिनमध्ये मिस्सा करायचे, मग मराठीत थोडं समजावायचे, तेवढं ऐकून आम्ही घरी. त्यामुळं बांच्या पुस्तकाचा आळीत मोठा बोलबाला झाला.

वाचायची त्यांची स्वतःची एक पद्धत होती. संध्याकाळची जपमाळ झाली की ते अल्तारासमोर, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यासमोर, पुस्तक मांडीवर घ्यायचे, डोळे मिटून कुठलंही पान उघडायचे आणि बोट ठेवायचे. जिथं बोट पडेल तिथून पान संपेपर्यंत वाचायचं. पान उलटायचं नाही. हे पान देवानं उघडलं, पुढचं उलटणं ही माणसाची लुडबुड, असं त्यांचं म्हणणं. एकदा बोट वाळूवर घर बांधणाऱ्या मूर्खाच्या गोष्टीवर पडलं. आता आमचं सगळं गावच वाळूवर वसलेलं, पण बा ऐकतात कुठले. नवा गोठा अर्धा उभा होता तो त्यांनी पाडायला लावला आणि गोखिवऱ्याकडून गाडीगाडीनं दगड आणून पाया भरला. म्हैस ऐटीत दगडावर उभी राहिली. मी आयजवळ हसले होते, की आता पूर आला तर आपण सगळे वाहून जाऊ आणि म्हैस तेवढी वाचेल. आय हसली नाही.

पुढच्या उपवासकाळात, चाळीस दिवसांच्या उपासांत, माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली आणि घरात पाळणा नव्हता. त्यातच वाडीतल्या केळी आजारल्या. पानं कडेनं पिवळी पडून खोडाशी लोंबू लागली, घड पोसेनात. बा दिवसभर वाडीत फिरायचे आणि संध्याकाळी कुणाशी न बोलता जेवायचे. एका संध्याकाळी माळ झाली, त्यांनी पुस्तक उघडलं, बोट ठेवलं. एका मळ्याच्या मालकाची गोष्ट निघाली. अंजिराच्या झाडाला फळ आलं का बघायला तो तीन वर्षं सारखा येतो आणि रिकामा परत जातो. शेवटी माळ्याला म्हणतो, तोडून टाक ते, उगीच जमीन अडवून बसलंय. तिथं पान संपलं.

बांनी पुस्तक मिटलं आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. घाबरलेल्या माणसासारखं बघितलं. म्हणाले, "तीन वर्षं. बाय, मी शोधून काढलं नाही हे. तुझ्यासमोर पान उघडलं." माझ्या हातात माळ तशीच होती. आयनं दंडाला धरलं म्हणून मी पडले नाही. आमच्या धर्मात नवऱ्याला दुसरी बायको करता येत नाही, हे बांनाही ठाऊक होतं. मला कायमचं माहेरी धाडायचं त्यांनी मनात घेतलं; त्यातून त्यांना दुसरी सून मिळणार नव्हती की नातू. पण त्यांना वाटलं, देवानं नको म्हटलेलं झाड घरात ठेवलंय म्हणून वाडी वाळतेय. माझा नवरा मुंबईला गिरणीत होता, शनिवारी घरी यायचा. मी त्याला सगळं सांगितलं. तो चुलीजवळ मान खाली घालून बसला आणि म्हणाला, "बांच्या पुढं मी काय बोलणार?" या वाक्याचा धक्का मला पुस्तकापेक्षा जास्त बसला, हे मी त्याला पुढं खूपदा ऐकवलंय.

मी चौथीपर्यंत शिकलेली. एका दुपारी बा वाडीत असताना मी अल्तारावरचं पुस्तक घेतलं आणि त्यांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं, पान उलटलं. पुढं माळी बोलत होता. मालकाला विनवत होता, की हे एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढचं न वाचता मी पुस्तक घेऊन तशीच वाडीत धावले, बांच्या हातात दिलं, म्हटलं, वाचा, देव इथं थांबलेला नाही. बांनी चिखलाचे हात धोतराला पुसले आणि मोठ्यानं वाचलं. आणि शेवटी अजून एक वाक्य होतं. फळ आलं तर बरं. नाही आलं, तर मग तोडा. मी ज्या पानाला वाचवणारं समजले होते, त्यानं मला एका वर्षाची मुदत दिली होती. बा म्हणाले, "बरं झालं दाखवलंस. एक वर्ष."

ते वर्ष मी झाडासारखं काढलं. बांनी गोष्टीतलं एकूण एक पाळलं, तेही मनापासून. भोवती खणायचं आणि खत घालायचं म्हणजे माझ्या बाबतीत औषधं, काढे, नऊ दिवसांच्या नोव्हेना, शनिवारचे उपास, वांद्र्याच्या मोत माउलीला नवस. ताजी मासळी आली की पहिला तुकडा माझ्या ताटात पडायचा. सगळे प्रेमानं वागत होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता. देवळात गेले की मी माउलीकडं बघायचे, तिच्या हातातल्या बाळाकडं बघायचं टाळायचे. देवाशी भांडायचीही हिंमत उरली नव्हती. म्हटलं, भांडले तर हा आणखी एखादं पान उघडायचा. एवढी मी त्याला घाबरायला लागले होते.

वर्ष सरलं. परत उपवासकाळ आला आणि एका सकाळी बांनी स्वतः बैलगाडी जुंपली. माझी लग्नातली पत्र्याची ट्रंक गाडीत चढवली. आय ओसरीवर पदर तोंडाला लावून उभी होती. नवरा मुंबईला. त्याला कळवलंय का, हे विचारावंसंही मला वाटलं नाही. मी ट्रंकेला टेकून बसले. रडू येत नव्हतं. आपण आहोत की नाही हेच कळत नव्हतं, इतकी मी सुन्न होते.

निर्मळच्या तळ्यापाशी एक म्हातारे फादर रस्त्याच्या कडेला छत्री टेकून उभे होते. पांढरा झगा गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेला. आमच्या भागातले नव्हते, मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी हात केला. भुईगावच्या फाट्यापर्यंत न्याल का, पाय चालेना झालाय, म्हणाले. बांनी खाली उतरून त्यांना आधार देऊन वर चढवलं. बसल्याबसल्या कळलं की ते पाद्री व्हायला निघालेल्या पोरांना शास्त्र शिकवायचे, आयुष्यभर तेवढंच केलं. आता तब्येतीसाठी समुद्राच्या हवेला आले होते. ट्रंकेकडं बघून त्यांनी मला विचारलं, "काय बाय, माहेरी? आई आजारी आहे का?"

बा म्हणाले, "फादर, बरं झालं तुम्ही भेटलात. तुम्ही शास्त्रातले." आणि त्यांनी सगळं सांगितलं, पान, बोट, तीन वर्षं, मग एक वर्ष. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. त्यांना वाटत होतं की हा शिकलेला माणूस पाठ थोपटेल. माझी बाजू घेईल असं मला वाटलं नाही. पुस्तक त्याचंच होतं, माझं नव्हतं. मी गाडीच्या फळीकडं बघत बसले.

फादरांनी भलतंच काही काढलं. वाडी केवढी, पाणी गोडं लागतं की मचूळ, केळी कुठल्या. बा वाडीबद्दल बोलायला लागले की थांबायचे नाहीत. केळीचा रोग पावसाळ्यानंतर आपोआप हटला, हेही त्यांनी सांगितलं. फादरांनी विचारलं, "तुमच्याकडं एखादं झाड फळतच नाही, असं होतं का?"

"होतं की. विहिरीवरचा फणस आहे ना."

"मग त्याचं काय करता?"

बा हसले. गाडीत बसल्यापासून पहिल्यांदाच. "त्याला दम देतो, फादर. आमच्याकडं जुनी रीत आहे. थंडी पडायला लागली की घरची सगळी माणसं झाडाखाली जमतात. एकानं कुऱ्हाड घ्यायची आणि झाडाला शिव्या घालायच्या, फळ देत नाहीस, आज तुला तोडतोच. कुऱ्हाड उगारली की दुसऱ्यानं धावत येऊन त्याचा हात धरायचा. म्हणायचं, राहू दे, यंदा राहू दे, पुढल्या वर्षी देईल तो. झाड ऐकतं म्हणतात."

हा खेळ मी दर वर्षी बघितला होता. त्या मुदतीच्या वर्षीही, फणसाखाली सगळ्यांच्या मागं उभी राहून. पण त्या वेळी कुऱ्हाड बघून मला माझीच मुदत आठवली होती आणि पुढं काय बोलतात ते मला ऐकूही गेलं नव्हतं. शुभवर्तमानातला माळी आमच्याच वाडीत दर वर्षी बोलत होता आणि आम्हां कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता ते माझ्या लक्षात आलं. मी मान वर केली. फादर माझ्याकडं बघत नव्हते, बांकडंच बघत होते.

"कुऱ्हाड कोण घेतं?"

"माझा धाकटा भाऊ."

"आणि हात कोण धरतं?"

"हात मी धरतो. पहिल्यापासून मीच."

"पुढल्या वर्षी फळतो का मग?"

"कुठला फळतोय. माझ्या आयुष्यात नाही फळला."

"मग पुढल्या वर्षी तोडत का नाही? तुम्हीच तर एक वर्ष मागून घेतलेलं असतं."

"तोडायचा कशाला?" बा जरा चिडूनच म्हणाले. "पुढल्या वर्षी परत तेच करतो. तोडायचाच असता तर मी हात कशाला धरला अस..."

कासरा त्यांच्या हातातून निसटून खाली लोंबला. बैल आपला चालत राहिला. बांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा बघून मीच घाबरले. वीज जवळ पडल्यावर माणूस दिसतो तसे ते दिसत होते. मी पदरानं तोंड झाकलं. वर्षभर न आलेलं रडू तिथं, भर रस्त्यात, एका परक्या माणसासमोर आलं, आणि ते आवरायचा मी प्रयत्नही केला नाही.

फादरांनी गोष्टीचा अर्थ सांगितला नाही. ते रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, की पान वाचताना आपण त्यात कुठं उभे आहोत ते आधी बघायचं असतं. तुम्ही मालकाच्या जागी जाऊन उभे राहिलात, तुमची जागा ती नव्हती. बांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "म्हणजे फादर, मी ते पुस्तक वाचायचंच नाही का?"

"वाचा की. जरूर वाचा," ते म्हणाले. "पण एकट्यानं नको. कुऱ्हाडीवाल्याजवळ तुम्ही उभे राहता ना, तसं वाचणाऱ्याजवळ हात धरणारं कोणीतरी लागतं. आम्ही शिकवणारी माणसं दुसरं काय करतो? माझाही हात माझ्या गुरूंनी कितीदा धरलाय."

भुईगावच्या फाट्यावर ते उतरले. बांनी वाकून त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं. मी खाली उतरले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि छत्री टेकत चालू लागले. आम्ही नाव विचारायचंच विसरलो. पुढं बा चौकशी करायला गेले तेव्हा कळलं की ते आले होते तिथून परत गेले. बांचं म्हणणं शेवटपर्यंत असं, की तो माणूस नव्हता. माझं म्हणणं, माणूसच होता, पाय दुखत होते त्याचे. पण तो त्याच सकाळी, आमची गाडी यायच्या वेळी, त्या तळ्यापाशी का उभा होता, हे मला सांगता येत नाही आणि मी ते सांगायच्या भानगडीत पडत नाही.

बांनी गाडी नंदाखालच्या दिशेनं वळवायला घेतली. मी म्हटलं, थांबा. त्यांनी दचकून बघितलं. मी म्हटलं, "एवढी निघालेच आहे तर आईकडं जाऊन येते. मला तिथं सोडा. ट्रंक मात्र परत न्या." बा माझ्याकडं बघतच राहिले. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि ते मान हलवत, डोळे पुसत गाडीवर बसले. आईच्या दारात मी रिकाम्या हातानं उतरले. पुढच्या रविवारी नवरा मला न्यायला आला. ट्रंक घरी एकटीच परतलेली बघून, माझं काही बरंवाईट झालं समजून आय कशी किंचाळली, आणि शनिवारी आल्यावर सगळं ऐकून तो दारातच कसा मटकन बसला, ते त्यानं मला वाटेत सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं, थोडं तुम्हालाही कळू दे.

त्यानंतर बांनी डोळे मिटून पुस्तक कधी उघडलं नाही. देवळातल्या फादरांच्या मागं लागून लागून त्यांनी रविवारी दुपारची शास्त्राची शिकवणी सुरू करवली. पहिल्या दिवशी देवळाच्या ओसरीवर आम्ही दोघंच, बा आणि मी. पावसाळा संपेपर्यंत ओसरी भरली. फादर तरुण होते, त्यांना सगळं येत होतं असं नाही. काही वेळा म्हणायचे, हे मला विचारून सांगावं लागेल. बांना तेच सगळ्यात आवडायचं. घरी वाचताना बा मला शेजारी बसवायचे. कुठं अडले की पुस्तकावरून नजर काढून माझ्याकडं बघायचे, आणि मी म्हणायचे, बा, पुढं वाचा, अजून संपलेलं नाही. पूर्वी मला वाटायचं, देवाला शरण जाणं म्हणजे कुऱ्हाडीखाली मान देऊन गप्प बसणं. वर्षभर मी तशी बसले आणि त्यातून मला फक्त भीती मिळाली. शरण जाणं बांनी केलं, त्या दिवशी गाडीत. आपण चुकीच्या जागी उभे आहोत हे कळल्यावर त्यांनी वाद घातला नाही, हात धरू दिला. ते मी त्यांच्याकडून शिकले, आणि त्या शिक्षकासाठी मी रोज देवाचे आभार मानते, त्याचं नाव मला माहीत नसलं तरी.

मला मूल झालं नाही. फणसालाही फळ आलं नाही. हे लिहिणं भाग आहे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की शेवटी सगळं छान झालं म्हणून मी आभार मानते आहे.

त्या वर्षीच्या थंडीत नेहमीप्रमाणे सगळे विहिरीवर जमले. काकांनी, म्हणजे बांच्या धाकट्या भावानं, कमरेला पंचा बांधून कुऱ्हाड घेतली आणि फणसाला यथेच्छ शिव्या घातल्या. पोरं खिदळत होती. काकांनी कुऱ्हाड उगारली आणि बांची वाट बघत थांबले. बा जागचे हलले नाहीत. काकांचा हात वरच राहिला, पोरांचं हसू थांबलं. बांनी मागं वळून मला शोधलं आणि मानेनं खूण केली. बाईमाणसानं हे कधी केलेलं नव्हतं. आय पुटपुटली, अहो, हे काय. पण मी गेले. काकांचा हात मनगटाशी घट्ट धरला आणि काय म्हणायचं ते मला ठाऊक होतं.

"राहू दे," मी म्हटलं. "यंदा राहू दे."